गारांचा तडाखा : आधी, त्या वेळी आणि नंतर

आज आपण बोलणार आहोत गारपिटीविषयी. पावसाळा संपला, थंडी पडली, रब्बी चांगली उभी राहिली, की आपण जरा निर्धास्त होतो. ज्वारी हुरड्यात येते, गहू ओंबीवर येतो, हरभऱ्याचे घाटे भरतात, द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरतं. आणि अशा वेळी एखाद्या दुपारी आभाळ काळवंडतं, वारा सुटतो आणि पाऊण तासात होत्याचं नव्हतं होतं. तोंडाशी आलेला घास जातो तो असा.

तुम्ही म्हणाल, गारा काय आपल्या हातात आहेत? नाहीत. पण आदल्या दिवशी काय करायचं, गारा पडत असताना काय करायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठून सुरुवात करायची, हे मात्र आपल्याच हातात आहे. ते एकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केलं, तर नुकसान निश्चित कमी होतं. तेव्हा ही पत्रिका वाचून झाली की घडी घालून ठेवू नका, शेजाऱ्याला द्या.

गारा का पडतात?

हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून पश्चिमेकडून थंड हवेचे झोत जातात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. एरवी त्यांचा जोर काश्मीर, हिमाचल, पंजाबकडे असतो. पण कधी कधी हे झोत दक्षिणेकडे सरकतात. त्याच वेळी अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून दमट वारे आपल्या भागावर आले, म्हणजे वर थंड कोरडी हवा आणि खाली उबदार ओली हवा, अशी गाठ पडते. दुपारच्या उन्हाने जमीन तापलेली असते. मग खालची हवा जोराने वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग तयार होतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे जमिनीपासून साधारण चार किलोमीटरच्या वर हवा गोठणबिंदूच्या खाली असते. ढगातले पाण्याचे थेंब तिथे गोठतात, वर चढणारा वारा त्यांना झेलून धरतो आणि थरावर थर बसून गार मोठी होत जाते. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की ती खाली येते. गार मधोमध फोडून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतील.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली, गारपीट बहुधा दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत होते. म्हणून इशारा असलेल्या दिवशी काढणीची, झाकण्याची कामं सकाळीच उरकावीत. दुसरी, गारांचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारात सगळं झोडपलं जातं आणि ओढ्यापलीकडे पानही हलत नाही. म्हणून “पलीकडच्या गावात काही झालं नाही” असं कोणी म्हटलं, तरी आपल्या नुकसानीची नोंद आपणच करून घ्यायची असते.

आपण काय पाहिले आहे

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जे कोसळलं, ते आजही गावोगावी आठवतं. एक दिवस नव्हे, दोन आठवड्यांहून अधिक काळ वादळी पाऊस आणि गारा येत राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि सोलापूरकडचा भाग मिळून २८ जिल्ह्यांना झळ पोचली. काही गावांना तर एकदा सावरायच्या आत दुसऱ्यांदा मार बसला. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, संत्रा, आंबा, काही वाचलं नाही. जनावरं, पाखरं मेली, घरांचे पत्रे उडाले, आणि माणसंही दगावली. त्याआधी २०१२-१३ मध्ये मराठवाड्याने मोठा दुष्काळ सोसला होता. कर्ज काढून उभी केलेली पहिली बरी रब्बी, आणि तिचीच ही गत.

बारामतीजवळ माळेगाव येथे अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या गारपिटीचा आणि त्यानंतरच्या उपायांचा अभ्यास करून तो छापला. पिकाचा पाला फाटला म्हणजे पीक संपलं असं नसतं, कोणत्या अवस्थेत मार बसला यावर पुढचं अवलंबून असतं, हा त्यातला घेण्यासारखा धडा.

आणि हे फक्त फेब्रुवारी-मार्चमध्येच होतं असंही नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. निफाडकडच्या द्राक्षबागा तेव्हा छाटणीनंतर फुटून आल्या होत्या, कोवळे घड आणि काड्या मोडल्या. म्हणजे दिवाळी झाली की तिथून मार्च-एप्रिलपर्यंत सावध राहायचं.

गारा एकट्या शेतमालकाला लागत नाहीत

पीक गेलं की आपण हेक्टरी किती गेलं ते मोजतो. पण गहू आडवा झाला म्हणजे कापणीची मजुरीही गेली. द्राक्षबाग गेली म्हणजे तोडणीला, पॅकिंगला येणाऱ्या बायकांचे दोन महिन्यांचे पैसे गेले. कडबा काळा पडला म्हणजे उन्हाळ्यात दूध आटलं. ज्याने बटाईने रान केलं, त्याचं बियाणं-खत गेलं आणि सातबारावर त्याचं नावही नाही. शेतात मेंढ्या बसवायला आलेला मेंढपाळ तर उघड्यावरच असतो. त्याच्या मेंढ्यांना आडोसा नाही आणि त्याला स्वतःलाही नाही.

म्हणून गावाने आधीच एकदा ग्रामपंचायतीत बसून चार गोष्टी ठरवाव्यात :

एक, इशारा आला की देवळाच्या किंवा पंचायतीच्या भोंग्यावरून कोण सांगणार. एकाचं नाव नको, दोघांची ठेवा. एक बाहेरगावी असला तर दुसरा.

दोन, वस्तीवर, मळ्यात, पालावर राहणाऱ्यांना निरोप कोण देणार. भोंगा तिथवर ऐकू जात नाही.

तीन, शाळा, समाजमंदिर, पक्कं देऊळ यांच्या किल्ल्या कोणाकडे असतील. पालावरची माणसं आणि मेंढपाळ यांना त्या दिवशी तिथे घ्यायचं.

चार, ताडपत्र्या कोणाकडे किती आहेत. ज्याचा माल काढून पडलाय त्याला आधी द्यायच्या. आपल्याकडे सावड होती, इर्जिक होती. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. यंत्रं आली तरी अशा दिवशी सावडीला पर्याय नाही.

इशारा कुठून मिळतो?

भारतीय हवामान खाते जिल्हावार इशारे देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. कृषी विद्यापीठांतल्या ग्रामीण कृषी हवामान केंद्रांकडून मंगळवारी आणि शुक्रवारी पिकांचा सल्ला निघतो. मोबाइलवर ‘मेघदूत’ ॲप आहे. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे, ते जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सावध करतं. घरात शिकलेला मुलगा-मुलगी असेल त्यांच्याकडून ही दोन्ही उतरवून घ्या. आणि ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांना आपण सांगायचं.

इशारा मिळाल्यावर, गारा येण्याआधी

१. पक्व झालेला गहू, हरभरा, ज्वारी काढून घ्या. कापलेला माल शेतात पसरून ठेवू नका. उंचवट्यावर सुडी रचा, खाली लाकडं किंवा दगड टाका आणि वर ताडपत्री घालून ती दोरीने चहूबाजूंनी आवळा. नुसते दगड ठेवले तर वारा ताडपत्री घेऊन जातो.

२. काढलेला कांदा पातीसह शेतात सुकत असेल तर गोळा करून झाका, जमलं तर चाळीत न्या. ओला झालेला कांदा तसाच चाळीत कोंबू नका, आधी सुकवा.

३. उभ्या पिकाला पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत मुळांची पकड सुटते आणि वाऱ्याने गहू लोळतो. फवारणी आणि वरखतंही पुढे ढकला, पैसे पावसात वाहून जातील.

४. द्राक्ष, डाळिंब, केळी, पपई यांपैकी जे तोडणीला आलं आहे ते तोडा. केळीला आणि फळांनी लगडलेल्या डाळिंबाला बांबूचे टेकू द्या. बेदाण्याच्या शेडचे पडदे घट्ट बांधा.

५. गोठ्याचे सैल पत्रे तारेने आवळा. जनावरं झाडाखाली किंवा विजेच्या खांबाजवळ बांधू नका. एक-दोन दिवसांची वैरण आणि पाणी आत ठेवा.

६. ज्यांची बाग दरवर्षी या पट्ट्यात सापडते, त्यांनी गाररोधक जाळीचा किंवा द्राक्षावरील प्लास्टिक आच्छादनाचा विचार करावा. खर्च मोठा आहे, हे खरं. म्हणून आधी केलेल्या चार बागा पाहा, हिशेब मांडा, मगच ठरवा.

गारा आणि विजा चालू असताना

पीक पुन्हा येईल, माणूस येत नाही. एवढं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की शेतातलं काम सोडा आणि पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली थांबू नका. शेतातल्या मृत्यूंत झाडाखाली आसरा घेतलेली माणसं फार असतात. मोटारीचा स्टार्टर, तारेचं कुंपण, लोखंडी पाइप यांना हात लावू नका. विहिरीतून, शेततळ्यातून बाहेर या. ट्रॅक्टरवरून, सायकलवरून खाली उतरा. जवळ घरच नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवं बसा, डोकं खाली घ्या, कान झाका. जमिनीवर आडवं पडू नका. चौघं असाल तर एकमेकांपासून लांब बसा. गारांपासून डोकं वाचवायला पाटी, घमेलं, जाड गोणपाट, जे हाताशी असेल ते घ्या, पण वीज कडाडत असताना लोखंडी वस्तू डोक्यावर धरू नका.

शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा, मगच बाहेर पडा. ताडपत्री उडाली म्हणून मध्येच धावू नका.

कोणावर वीज पडली तर त्याला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास बंद असेल तर छाती दाबून श्वास सुरू करण्याचा प्रयत्न करा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. जनावरांसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आधी माणसं, मग जनावरं, मग पीक. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे, एकट्या बाईच्या घरी, वस्तीवर जाऊन या. तुटलेल्या विजेच्या तारांना हात लावू नका, वीज मंडळाला कळवा.

शेतात गेल्यावर लगेच खुरपं-विळा घेऊ नका. आधी फोटो काढा. शेताची ओळख पटेल असा एक, पिकाच्या नुकसानीचे जवळून दोन-तीन. मग साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला. हे काम मात्र थांबवू नका, कारण मुळांना हवा न मिळाल्याने जितकं नुकसान होतं तितकं कधी कधी गारांनीही होत नाही. झाडांच्या बुंध्याशी गारांचे ढीग असतील तर ते बाजूला ओढा.

गहू : दाणे भरत असताना लोळला असेल तर त्याला उभा करायच्या मागे लागू नका. पाणी काढा, पुन्हा ओलीत देऊ नका, वाळला की कापा. भिजलेला गहू वेगळा मळा, वेगळा ठेवा. चांगल्या मालात मिसळला तर सगळ्याचाच भाव पडतो. दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून मगच पोत्यात भरा. अशा गव्हाचं बी ठेवायचं असेल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून किती उगवतात ते मोजा.

हरभरा : फुलं झडली पण शेंडे शाबूत असतील आणि जमिनीत ओल असेल, तर पुन्हा फूल येतं. नांगर घालायची घाई करू नका, आठ दिवस पाहा. घाटे भरलेले असतील तर वाळताच काढा.

कांदा : पात मोडली की करप्याला वाट मिळते. उघडीप मिळताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब आणि चिकट द्रव्य मिसळून फवारा. कांदा पोसला असेल तर काढून घ्या. मार लागलेला कांदा टिकत नाही, तो निवडून आधी विका, चाळीत ठेवू नका.

भाजीपाला : वाढीच्या अवस्थेत असेल तर मोडकी पानं-फांद्या काढा, बुरशीनाशक फवारा. नवी फूट दिसल्यावर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम १९:१९:१९ खत फवारल्यास पीक उचल खातं. तोडणीच्या अखेरीस आलेल्या पिकावर आणखी खर्च करू नका.

डाळिंब, संत्रा, मोसंबी : मोडलेल्या फांद्या कात्रीने स्वच्छ कापा, ओरबाडून काढू नका. कापलेल्या जागी आणि साल फाटलेल्या जागी बोर्डो मलम लावा. मलमासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. बागेवर फवारायला एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे तेच एक-एक किलो, पण १०० लिटर पाण्यात. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, मग ढवळत ढवळत एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. जखमी फळं तोडून खड्ड्यात पुरा. डाळिंबाला अशा जखमांतूनच तेल्या लागतो.

द्राक्ष : फुटलेले मणी सडतात आणि शेजारच्या मण्यांनाही नासवतात, ते काढून टाका. घड तोडणीला आले असतील तर बोर्डो मारू नका, डाग पडतात आणि औषधाचा अंश राहतो. त्या अवस्थेत काय फवारायचं ते मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यानेच ठरवा.

वैरण : भिजलेला कडबा उभा करून वाळवा. काळी बुरशी चढलेला भाग फेकून द्या, “जनावर खातंय ना” म्हणून घालू नका. झोडपलेल्या ज्वारीला बुडातून जे कोवळे फुटवे येतात त्यांत विष असतं. जनावर त्या रानात मोकळं सोडू नका.

मेलेली जनावरं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय पुरू नका. दाखला नसेल तर मदतीत अडचण येते. मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कागदपत्रांचे काम

नुकसानीचा पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिघांची माणसं मिळून करतात. आपण ज्यांना तलाठी म्हणतो त्यांना, कृषी सहाय्यकांना आणि ग्रामसेवकांना त्याच दिवशी कळवा. त्यांची पदनावं अलीकडे बदलली आहेत, कामं तीच आहेत. पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतात हजर राहा, क्षेत्र आणि पीक बरोबर लिहिलंय का ते वाचून मगच सही करा. आपत्तीच्या सरकारी मदतीसाठी पूर्वी निम्म्याहून अधिक नुकसान लागायचं. २०१५ पासून ती अट ३३ टक्क्यांवर आली. म्हणून “अर्धंच गेलंय, काय सांगायचं” असं म्हणून गप्प बसू नका.

सातबारावर पिकाची नोंद नसेल तर पीक होतं हेच सिद्ध होत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपली आपण करायची असते. हंगामात मुदतीच्या आत ती करा. बटाईदार असाल तर साधा का होईना, लेखी करार ठेवा. आणि मालकांनाही एक सांगणं आहे. मदत तुमच्या खात्यावर आली तरी घाम दोघांचा होता.

पीक विम्याच्या अटी दर हंगामात बदलतात. त्यामुळे हप्ता भरतानाच विचारा : गारपिटीचं संरक्षण यात आहे का? फळपिकांना त्यासाठी वेगळा हप्ता आहे का? नुकसान किती तासांत आणि कुठे कळवायचं? अनेक वर्षं ही मुदत ७२ तासांची होती, म्हणून तीन दिवस ओलांडू देऊ नका. कळवल्याचा क्रमांक लिहून ठेवा. पीक कर्ज असेल तर बँकेत जाऊन हप्त्यांच्या पुनर्गठनाबद्दल लेखी अर्ज द्या. तोंडी बोलण्याला पुढे कोणी ओळख देत नाही. सावकाराच्या दारात जाण्याआधी ही दारं ठोठावा.

शेवटचं, पण महत्त्वाचं

गारा पडून गेल्यावर आठ-पंधरा दिवस गावात वर्दळ असते. पंचनामे होतात, पुढारी येऊन जातात. मग सगळं शांत होतं, आणि खरी कठीण वेळ तेव्हा सुरू होते. कर्ज, मुलीचं लग्न, पोराची फी, सगळं एकदम डोक्यावर येतं. माणूस पारावर यायचा बंद होतो, बोलेनासा होतो, जेवेनासा होतो. अशा माणसाला एकटं सोडू नका. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. उपदेश करू नका, नुसतं त्याचं ऐका. घरातल्या बाईला हे सगळ्यांत आधी कळतं. भगिनींनो, तुम्हाला तसं जाणवलं तर भीड न धरता भावाला, शेजाऱ्याला, डॉक्टरला सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतून, केव्हाही, पैसे न लागता बोलता येतं. तो क्रमांक दारामागे खडूने लिहून ठेवा.

आभाळ फाटलं तर ठिगळ लावता येत नाही, हे खरं. पण ताडपत्रीची दोन टोकं धरायला दोन माणसं लागतात, तेवढी आपल्याला जमवता येतात. यंदाच्या रब्बीत तुमच्या शिवारावर गारा न येवोत. आल्याच, तर तुमचं गाव तयार असो.

थोडक्यात, भिंतीवर लावण्यासाठी

• दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत रोज हवामानाचा अंदाज ऐका. इशाऱ्याच्या दिवशी कामं सकाळीच उरका.
• काढलेला माल उंचावर, झाकून, दोरीने बांधून ठेवा. उभ्या पिकाला पाणी देऊ नका.
• गडगडाट ऐकला की घरात. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.
• आधी फोटो, मग चर काढून पाणी बाहेर, मग छाटणी आणि फवारणी.
• पंचनामा, विम्याची सूचना, बँकेचा अर्ज : सगळं लेखी, आणि तीन दिवसांच्या आत सुरुवात.
• रुग्णवाहिका १०८. पशुवैद्यक १९६२. मन खचलं तर १४४१६.